तुळशीबागेतले रांगोळीचे छाप, रोलर, चाळण्या आणि रेडीमेड रांगोळी: काय घ्यावं, काय नको

दिवाळीच्या आधी तुळशीबागेत गेलं की रांगोळीच्या सामानाचे ढीग बघून डोकं फिरतं, हे पुण्याच्या बायकांना वेगळं सांगायला नको. यंदा ठरवूनच सगळं थोडं थोडं उचललं. प्लास्टिकच्या छापांचा सेट, नक्षीचा रोलर, दोन साइझच्या चाळण्या, टोकाला बारीक भोक असलेली बाटली जिला तिथे रांगोळी पेन म्हणतात, आणि लेकीच्या हट्टापायी ते ॲक्रिलिकचे चमकीवाले तुकडे पण, जे जमिनीवर मांडले की झाली रांगोळी. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळं वापरून झालंय म्हणून आता निवांत लिहितेय. दुकानाचं नाव विचारू नका, माल सगळ्या गाळ्यांवर तोच असतो, फरक फक्त भाव करण्याच्या तुमच्या ताकदीचा.

छापांपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त खप त्यांचाच. पातळ प्लास्टिकची शीट, त्यात मोर, कमळ, पावलं, दिवे, स्वस्तिक, शुभ दीपावली वगैरे कापलेलं. शीट जमिनीवर ठेवायची, वरून रांगोळी टाकायची, जुन्या एखाद्या कार्डाने पसरवायची आणि शीट सरळ वर उचलायची, की खाली मोर तयार. पहिल्यांदा केलं की खरंच भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. माझ्या लेकीने दारात दहा मिनिटांत पाच मोर उमटवले आणि सगळे मोर एकाच दिशेला बघत होते.

आता त्रास. एक तर शीट उचलताना हात जरा जरी तिरका झाला की एका बाजूची कड फिसकटते. दुसरं म्हणजे कोरड्या हवेत त्या प्लास्टिकला बारीक पूड चिकटून बसते, मग पुढचा छाप ठेवला की मागची चिकटलेली पूड नको तिथे पडते, म्हणून प्रत्येक वेळी फडक्याने पुसा. तिसरं, व्हिट्रिफाइड टाइल्सवर शीट सरकते. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर हा प्रॉब्लेम फार येत नाही पण आता फ्लॅटच्या लॉबीत शहाबादी कोण बसवतंय.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. छापाची रेघ नीट निरखून बघा, ती कधीच सलग नसते. असणारच नाही, कारण गोल कापायचा म्हटलं तर आतली चकती सुटून खाली पडेल, म्हणून मध्ये मध्ये प्लास्टिकच्या दांड्या ठेवाव्याच लागतात. त्यामुळे कमळाची पाकळी तुटक, मोराचा गळा तुटक, दिव्याची ज्योत दिव्यापासून सुटलेली. लांबून चालून जातं. पण ज्यांनी लहानपणी आईला किंवा आजीला एका दमात गोल ओढताना पाहिलंय त्यांच्या डोळ्यांना ते खुपतंच. मी काय केलं, छाप उमटवला आणि त्या फटी चिमटीने हाताने जोडल्या. आणि गंमत म्हणजे अख्ख्या मोरात तेवढीच जोडलेली जागा छान दिसत होती. हे माझं मत नाही हां, खालच्या मजल्यावरच्या काकू वाकून बघत म्हणाल्या, ‘इथे हाताने केलंयस ना गं?’ कसं कळलं विचारलं तर त्यांना सांगता येईना.

मला वाटतं मला सांगता येईल. चिमटीतून रांगोळी सोडताना तुमचा वेग जमिनीवर लिहिला जातो. हात चालता राहिला तर रेघ बारीक आणि एकसारखी पडते, आणि मध्येच ‘आता कुठे वळवू, बरोबर येतंय का’ असा विचार करत थबकलात की बोटं काही थांबत नाहीत, पूड गळतच राहते आणि तिथे छोटासा ढीग होतो. पेन्सिलने काढताना असं होत नाही, पेन्सिल थांबली की थांबली, घाबरत काढलेली रेघ नंतर खोडून गिरवून सरळ करता येते. रांगोळीत घाबरलेलं लगेच दिसतं. म्हणून ज्या बाईला रांगोळी परफेक्टच यायला हवी असते तिचीच रेघ सगळ्यात जास्त गाठीगाठींची येते. हा मला या सगळ्या कलेतला सगळ्यात खट्याळ भाग वाटतो. आणि छाप विकला जातो तो नेमका याच भीतीवर.

माझी लेक चौथीत आहे आणि तिला ही भीती आत्ताच लागलीय, याचं श्रेय रील्सना. रीलमध्ये एक बाई बांगडी ठेवते, काट्याने रंग ओढते, कानात घालायच्या काडीने ठिपका देते आणि वीस सेकंदात मोर हजर. त्यात किती वेळा पुसलं, किती वेळ गेला ते कापून टाकलेलं असतं, पण पोरीला काय माहीत. ती एक पाकळी काढणार, मान तिरकी करून बघणार, पुसणार. परत काढणार, परत पुसणार. ओल्या फडक्याने पुसलं तर जमीन वाळेपर्यंत वर टाकलेली रांगोळी गोळा होऊन बसते, कोरड्याने पुसलं तर पांढरट धूर राहतो आणि गेरू लावलेला असेल तर गेरूच निघून येतो. नरक चतुर्दशीला तिची पाकळी अशी धुरात हरवली आणि पोरगी रडकुंडीला आली, मग आणला तो छापांचा सेट बाहेर आणि शांतता झाली. म्हणजे छापांचा हा उपयोग आहेच, नाही म्हणत नाही. सकाळी साडेपाचला अभ्यंगस्नानाच्या गडबडीत कुणालाही कलेचा साक्षात्कार नको असतो.

आता सासूबाईंबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. आईंनी (मी त्यांना आईच म्हणते) सेट बघितला, एक छाप उलटसुलट केला, ‘बरंय’ म्हणाल्या आणि ठेवून दिला. पाडव्याला त्यांनी पंधरा ते आठची रांगोळी घातली. नवीन लोकांसाठी, मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत आठापर्यंत, ठिपके मागच्या ओळीच्या मधोमध. सहा बाजूंची आकृती होते. एका बाजूला वळण घेताना त्यांचा एक ठिपका सुटला आणि रेघ शेजारच्या ठिपक्याला जाऊन भिडली. मी बघत होते, लेक तर ओरडलीच, ‘आजी चुकलं, पूस पूस!’ आजीने पुसलं नाही. जरा मागे सरकून बघितलं, आणि उरलेल्या पाचही बाजूंना मुद्दाम तोच ठिपका सोडला. झालं, ती नक्षीच झाली. प्रत्येक कोपऱ्यात एक रिकामा ठिपका आणि त्याच्याभोवती वळसा, त्यात नंतर हळदी-कुंकू सोडलं. संध्याकाळी येणाऱ्या जाणाऱ्याने त्याच डिझाइनचा फोटो काढला आणि कुठून घेतलं म्हणून विचारलं.

याला कुणी उत्स्फूर्त म्हणेल, कुणी हुशारी म्हणेल. पण मला त्यात दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या. ठिपके त्यांनी बोटाची पेरं मापून इतके काटेकोर मांडले होते की शाळेतल्या भूमितीच्या सरांनी पाठ थोपटली असती, आणि त्या काटेकोर मांडणीमुळेच चूक सहा वेळा तशीच्या तशी करता आली. मांडणी वेडीवाकडी असती तर चूक नुसती चूक राहिली असती. त्यामुळे ‘मनाला येईल तसं काढा, परफेक्शन सोडा’ असं जे हल्ली सगळे आर्टवाले सांगत फिरतात ते मला अर्धवट वाटतं. काय सोडायचं आणि काय घट्ट धरायचं हे कोण सांगणार? ठिपके धरायचे, रेघ सोडायची, असं आई तरी करतात.

आणि हो, मी काही जुनं ते सोनं वाल्या पार्टीची नाही. आईंनीच सांगितलं की त्यांच्या लहानपणी ठिपके पाडायचा वेगळा कागद असायचा. जाड कागदावर ठिपके आखायचे आणि पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडायचं, कड जळून कडक होते म्हणून फाटत नाही. तो कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपक्यांची जाळी तयार. म्हणजे छापच की तो. पत्र्याच्या भोकं पाडलेल्या नळ्या पण तेव्हापासूनच्या आहेत, आत रांगोळी भरायची आणि उंबऱ्यावर गडगडवत न्यायची. तेव्हा शॉर्टकट आजच्या बायकांनी शोधला असं म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही. फरक एवढाच की उदबत्तीचा कागद तुम्हाला फक्त ठिपके देतो आणि बाजूला होतो, पुढे कुठून कुठे जायचं ते तुमचं तुम्ही बघा. आजचा छाप शेवटपर्यंत सगळं स्वतःच करतो. मला वाटतं विकणाऱ्यांनी नुसत्या ठिपक्यांच्या शीटा ठेवल्या तर मी लगेच घेईन, एक दोन गाळ्यांवर विचारलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की काय सांगू.

रोलर. यंदाचा प्लास्टिकचा होता, वर वेलबुट्टी. उंबरठ्याच्या पट्टीसाठी आणि मोठ्या रांगोळीच्या किनारीसाठी मस्त आहे, एकदम फर्स्ट क्लास. वेल ही मुळातच परत परत येणारी गोष्ट, तिथे हाताने तेच तेच काढण्यात मला काही शान वाटत नाही. फक्त झाकण नीट बसतंय का ते दुकानातच बघून घ्या, आमचं एकदा अर्ध्यात निघालं आणि उंबऱ्यावर डोंगर. रोलर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, आणि रांगोळी आधी चाळून घ्या नाहीतर एक खडा भोकात अडकला की दर वळणाला एक पान गायब.

रांगोळी पेन म्हणजे ती बाटली, पैसे वाया. कल्पना चांगली आहे पण पूड सारखी खाली येत नाही, बाटली हलवावी लागते आणि हलवली की रेघ थरथरते. लहान मुलांना नावं लिहायला द्या फार तर. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीइतकं चांगलं पेन अजून कुणी बनवलेलं नाही, आणि ते फुकट आहे.

आता चाळणी, ज्यासाठी खरं तर मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. साधी प्लास्टिकची, तळाला बारीक जाळी, चहाच्या गाळणीपेक्षा जरा मोठी आणि दांडा नसलेली. गालिचा, म्हणजे जमिनीवर रंगाचा सपाट थर घालायचा असेल तर हिच्याशिवाय पर्याय नाही. रंग भरायचा, जमिनीपासून वीतभर वर धरून टिचकी मारत मारत हात फिरवायचा, रंग पावडर लावल्यागत अलगद बसतो. दोन रंग एकमेकांत मिसळायचे असतील तर कडेला हात थोडा उंच न्या, सीमा आपोआप पुसट होते. केशरीतून पिवळा, निळ्यातून जांभळा, काय सुंदर येतं. आणि यात एक गोष्ट अशी की चाळणीतून पडणाऱ्या रंगाची कड तुमच्या ताब्यात पूर्ण कधीच नसते. वाऱ्याची झुळूक, लिफ्टचं दार, कुणाची ओढणी, काहीही त्यात हात घालतं. आमच्या लेकीला हे चाललं, हे मला आश्चर्य वाटलं. जी पोर एका पाकळीसाठी रडत होती ती गालिचावर तासभर रंग चाळत बसली आणि एकदाही पूस म्हणाली नाही, कारण ‘बरोबर’ कड कुठली हेच तिथे कुणाला माहीत नसतं.

गालिचावर मग पांढऱ्या जाड रेघांचं काम, ते संस्कार भारतीच्या रांगोळीमुळे आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. चिमटीऐवजी पाचही बोटं वापरून रांगोळी सोडायची, गोपद्म, शंख, स्वस्तिक, सर्परेषा अशी ठरलेली चिन्हं जोडत जोडत मोठं डिझाइन करायचं. चिन्हं ठरलेली, जोडणी तुमची. मोठ्या मैदानावर दहा जणी मिळून घालतात तेव्हा कागदावर आधी काढलेलं असतं थोडंफार, पण प्रत्यक्षात कुणाची रेघ कुठे जाते त्यावर पुढचीची रेघ ठरते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर मिरवणुकीपुढे ज्या पायघड्या घालतात ना, त्या घालणाऱ्यांकडे बघा कधी. मागे ढोल वाजतायत, गणपती पुढे सरकतोय, आणि काढलेलं सगळं थोड्या वेळात पायाखाली जाणारे. तिथे मान तिरकी करून बघायला वेळ कुणाला. तरी रेघ कशी सणसणीत असते, कारण त्या हातांनी आधी वर्षानुवर्षं तीच रेघ ओढलेली असते.

दुसऱ्या टोकाला व्यक्तिचित्रांची रांगोळी. गुणवंत मांजरेकरांसारख्या रांगोळीकारांनी ती कुठल्या कुठे नेली. लेक कलर नावाच्या रंगीत पुडीच्या चिमटी एकावर एक सोडून गालावरची सावली, डोळ्यातलं पाणी, साडीची जर, जवळ गेल्याशिवाय फोटो नाही हे पटत नाही. दिवाळीत प्रदर्शनं लागतात तिथे मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी थक्क होते. तिथे परफेक्शन नको म्हणून कसं चालेल, नाक जरा सरकलं की माणूसच बदलला. पण मला स्वतःला त्यातली तीच चित्रं लक्षात राहतात ज्यात चेहरा अगदी नेमका आणि मागचा पडदा, शालीची घडी वगैरे चार मोकळ्या फटकाऱ्यांत सोडून दिलेली असते. जिथे मागची प्रत्येक वीटसुद्धा तितक्याच इमानाने काढलीय तिथे दोन मिनिटांत कंटाळा येतो, माफ करा.

राहिले ॲक्रिलिकचे तुकडे. दिसतात छान, मध्ये दिवा ठेवायची जागा, कडेला मोती. सगळ्यात महाग तेच. दर वर्षी काढा, मांडा, पुसा, परत डब्यात. लहान मुलं, म्हातारी माणसं, गुडघे दुखणाऱ्या बायका, परदेशातल्या भाड्याच्या घरातले लोक ज्यांच्या कार्पेटवर पूड चालत नाही, या सगळ्यांसाठी सोय आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. माझ्या नणंदेने न्यू जर्सीला नेलेत, खूश आहे ती. आमच्या घरात मात्र लक्ष्मीपूजनाला मांडले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही. लेकीने तर भाऊबीजेला त्यातल्या दोन पाकळ्या उचलून त्यांच्याभोवती हाताने रांगोळी काढली, आणि मग पाकळ्या काढून टाकल्या, आत जी रिकामी जागा उरली तिच्यात रंग चाळला. हे तिचं तिला सुचलं. थोडक्यात आमचे ॲक्रिलिकचे तुकडे आता छाप म्हणून वापरात आहेत, पैसे अगदीच काही वाया गेले नाहीत.

सोसायटीच्या स्पर्धेचा एक विषय काढतेच, कारण छाप चालेल का यावरून दरवर्षी भांडण होतं. यंदा नियमात ‘मुक्तहस्त’ असं लिहिलं होतं आणि मार्क मात्र ‘सुबकता’ या रकान्यात सगळ्यात जास्त. मग काय, मुक्तहस्तवाल्या सगळ्या जणी दोऱ्याने वर्तुळं आखून, खडूने कच्चं काढून, फूटपट्टी लावून बसल्या होत्या. पहिला नंबर ज्या रांगोळीला आला ती चुकूनही चुकलेली नव्हती. तिचा रंग कुठला होता ते आता आठवत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी नुसता एक भलामोठा बैल काढला होता, एका बाजूला पोट जरा जास्तच झालेलं, त्यांनी त्या पोटावर झूल पांघरली आणि घुंगरू लावले. त्यांना उत्तेजनार्थ मिळालं. लोक फोटो त्याच्याचजवळ उभं राहून काढत होते.

हिशेब सांगायचा तर चाळणी डोळे झाकून घ्या, दोन घ्या, एक पांढऱ्याला आणि एक रंगांना. रोलर घ्या. छाप घ्यायचेच असतील तर मोर-कमळ सोडून फक्त पावलांचा आणि अक्षरांचा घ्या, अक्षरं हाताने वाकडी येतात आणि लक्ष्मीची पावलं आतच जायला हवीत, बाहेर गेली तर आई रागावतात. पेन नको. ॲक्रिलिक तुमचं तुम्ही ठरवा.

रांगोळीची पूड घेताना एवढं करा, पिशवीबंद सुंदर डब्यातली न घेता सुटी घ्या आणि घेण्याआधी मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर लगेच विस्कटली तर कोरडी, गोळा राहिला तर दमट, ती चिमटीतून सुटणारच नाही. अगदी गुळगुळीत पिठासारखी पण नको, ती बोटांना चिकटते. किंचित खरखरीत हवी, आईंच्या भाषेत ‘बोटाला कळली पाहिजे’. पूर्वी शिरगोळे, म्हणजे रांगोळीचे पांढरे दगड, भाजून कुटायचे, आणि माझ्या आजोळी कोकणात भाताचं तूस जाळून त्याची पांढरी राख वापरायचे, त्यामानाने आपण नशीबवान, वीस-तीस रुपयांत काम होतं. रंग फार गडद वाटले तर त्यात थोडी पांढरी मिसळा, रंगही फुटतो आणि हातातून सुटतोही चांगला. आणि तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या शनिवार-रविवारी जाऊ नका, भाव दुप्पट सांगतात आणि चाळणी बघायला हातात पण देत नाहीत.